चिमूट

हेरिबर्ट नोवोत्का सतरा दिवस इस्पितळात होते
आणि किल्ली माझ्याकडे होती.

तळघरात उतरायला अकरा पायऱ्या.
खाली चारशे लिटरचा समुद्र,
निळ्या दिव्याखाली टक्क जागा.
चिठ्ठीवर लिहिलेलं: दिवसातून एकदा. चिमूटभर.
चिमूटभरखाली दोन रेघा.

पण बोट्रोपमधल्या माझ्या स्वयंपाकघरात
चिमूट मिठाची असते, जेवणाची नसते.
मासे काचेला तोंड लावून बघायचे.
जेलाल पहाटे पाळी संपवून यायचा तेव्हा
असाच बघायचा,
पापण्यांच्या कडेला कोळशाचं काजळ,
आणि मी पातेलं खरवडून वाढायची.
म्हणून सकाळी घातलं. दुपारी घातलं.
दिवा मालवायच्या आधी गोठवलेल्या कोळंबीची एक वडी,
उपाशी झोपू नयेत.

ते आले. काठी भिंतीला टेकवायच्या आधी
हातात कुपी घेतली.
पाच मिलिलिटर पाणी, चार थेंब, जराशी पूड,
हलवायचं, आणि मग तीन मिनिटं गप्प.
शिकाऊ असताना खाणीत ते दिव्याची ज्योत बघायचे,
ज्योतीला निळी टोपी चढली
की माणसं मागं फिरायची.
तसेच बघत राहिले.
फिकट गुलाबी यायला हवा होता.
आला तो जांभळा, लग्नातल्या मखमलीसारखा.

"नेर्मिन, जे खाल्लं नाही ते कुठं जातं?"
तळाशी, मी म्हटलं.
"आणि तिथून?"

मला ठाऊक नव्हतं.
ते म्हणाले, तिथून अमोनिया.
दगडात न दिसणारे जीव पाळ्यांमध्ये राबतात,
एका पाळीचं विष दुसरी उचलते,
थोडं निवळून पुढं ढकलते,
आणि शेवटची पाळी दगडाच्या पोटात,
जिथं हवा पोचत नाही,
उरलेल्याचा परत साधा वारा करते.
बुडबुडा होऊन तो वर जातो. सुटला.
"पण पाळीला माणसं मोजकीच असतात.
तू तिप्पट माल उतरवलास."

आवाज चढवला नाही त्यांनी.
चढवला असता तर बरं झालं असतं.
काचेवर शेवाळ, प्रवाळ मळकट तपकिरी,
आणि माझ्या डोक्यात जेलालची छाती,
तिच्या तळाशी साचलेली धूळ.
तिथं कुठलीच पाळी उतरली नाही.

रोज दहावा हिस्सा पाणी बदलायचं, त्याहून जास्त नाही.
"घाईनंही मरतात."
त्यांना बादली उचलायची मनाई, म्हणून मी उचलली.
गाळलेलं पाणी, मोजून मीठ, पंचवीस अंश.
फेस गोळा करणाऱ्या यंत्राचा पेला रोज भरायचा,
रंग थेट आमच्या चहाचा,
वास मात्र बंदरामागच्या गल्लीचा.
ओतताना ते म्हणायचे,
या गावाखालीही पंप चालू आहेत.
खाण मिटली, पंप नाही मिटवता येत,
नाहीतर आपण सगळे तळ्यात.

दीड महिन्यानं कुपीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं.
शून्य!
मी बक्लावा घेऊन खाली गेले.
ते काचेपुढं बसलेले, चेहरा पडलेला.
प्रवाळाची टोकं पांढुरकी,
उन्हात विसरलेल्या कापडासारखी.
"जास्तच घासलं आपण," ते म्हणाले.
"शून्य म्हणजे उपास. यांना थोडी घाण लागते."

मग डबी माझ्यापुढं सरकवली.
"घाल."

मी त्यांच्याकडं पाहिलं.
किती?

त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवली,
मधे जवळजवळ काहीच नव्हतं.
मी तेवढंच घेतलं,
पण हात हलला,
दोनतीन कण जास्तीचे पडले.
ते सावकाश खाली जाताना
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.